कलमीपुकुरचा उलटा बाण

१

बस तळ्यात उतरली तेव्हा ती अजिबात घाईत नव्हती, याबद्दल पुढे सगळ्या साक्षीदारांचं एकमत झालं.

बजबजहून एस्प्लनेडला निघालेली मिनीबस कलमीपुकुर लेनच्या टोकाशी आली, बाणाने सांगितलं म्हणून डावीकडे वळली आणि घाटाच्या पायऱ्या एकेक करून उतरत, साडी सावरत चालल्यासारखी, पुढच्या चाकांपर्यंत पाण्यात जाऊन थांबली. दिवे चालूच राहिले. पाण्याखाली दोन पिवळे बोगदे तयार झाले आणि हा काय प्रकार आहे ते बघायला त्यात मासे जमले. काठावर माणसं जमली होती, तीही त्याच कामासाठी. कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. मागच्या सीटवर झोपलेल्या एका आजोबांनी डोळे किलकिले करून विचारलं, "एस्प्लनेड आलं?"

"नाही दादू, पाणी आलं," कंडक्टर म्हणाला.

"मग कशाला उठवतोस," म्हणून ते पुन्हा झोपले.

नूपुर दाबके पुण्याच्या ऑफिसची मीटिंग अर्धवट टाकून घाटावर आली तेव्हा तिच्या कानातल्या यंत्रातून कोणीतरी अजून "गुड आफ्टरनून टीम" म्हणत होतं. पुण्यात तेव्हा ऊन होतं. कलकत्ता देशाच्या इतक्या पूर्वेला जाऊन बसलंय, की तिकडे लोक दुपारचा चहा ढवळत असताना इथे संध्याकाळ येऊन, पाय धुऊन, पाटावर बसलेली असते. तळ्यावर बंगाली पंचांगातल्या कार्तिकाचं धुकं उतरलं होतं आणि त्यात बसचं मागचं तांबडं ढुंगण तरंगल्यासारखं दिसत होतं.

तिचे वडील, विनायकराव, बाणाच्या पाटीशेजारी उभे होते. शिट्टी तोंडात होती, पण ते ती वाजवत नव्हते.

"बाबा?"

त्यांनी शिट्टी काढली. "नूपुर, हा बाण आज सकाळी मी माझ्या हाताने उजवीकडे केला होता."

बाण डावीकडे बघत होता.

२

झालं होतं ते असं. मोठा रस्ता दुर्गापूजेच्या आधीपासून सांडपाण्याच्या पाइपसाठी खणून ठेवला होता आणि त्याची सगळी वाहतूक कलमीपुकुर लेनमधून वळवली होती. ही गल्ली जन्मापासून फक्त रिक्षा, मासेवाला आणि दुपारची झोप यांच्यासाठी होती. आता तिच्यातून मिनीबस जायला लागल्या. गल्ली दक्षिणेकडून येते आणि थेट तळ्यासमोर संपते. तिथून उजवीकडे वळलं की ट्रामचा रस्ता. डावीकडे वळलं की चार घरं, एक मिठाईचं दुकान आणि घाट. म्हणून ठेकेदाराने त्या टोकाला डांबराचं एक रिकामं पिंप ठेवलं, त्याच्या खाचेत एक दांडी उभी केली आणि दांडीवर बाणाच्या आकाराचा कापलेला पत्रा बसवला. दांडी चपटी, खाच चपटी, त्यामुळे बाण दोनच प्रकारे बसायचा: एक तर सुलटा, उजवीकडे; नाहीतर उलटा, डावीकडे.

कोजागिरीनंतर ठेकेदाराने बाणाच्या पुढच्या बाजूला एक पिवळा दिवा लावून दिला. अंधारलं की तो आपोआप लुकलुकायला लागायचा.

दिवसा मात्र तिथे विनायकराव असत. केंद्र सरकारच्या एका खात्यातून गेल्या वर्षी कलकत्त्यातच ते निवृत्त झाले. त्याआधी झाशी, जोरहाट, भूज, विशाखापट्टणम. प्रत्येक गावी शेजाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "आपण कुठले?" आणि शेवटचा विचारला तो "सामान कधी बांधताय?" कलमीपुकुर लेनमध्ये मात्र त्यांनी एका सकाळी दोन भांडणाऱ्या टॅक्सींना हाताने वाट करून दिली, आणि संध्याकाळी पाड्याच्या क्लबने त्यांना झेंडूचा हार, प्लास्टिकची खुर्ची आणि शिट्टी दिली. पाडा म्हणजे आपल्याकडची आळी; फक्त इथे ती एखाद्या छोट्या देशासारखी चालते. त्या देशाने विनायकरावांना वाहतूकमंत्री केलं. लोक त्यांना "बिनायोकदा" म्हणू लागले. पुण्याला फ्लॅट बघायचा विषय त्यांनी त्या दिवसापासून काढला नाही. शिट्टी ते उशाशी घेऊन झोपत.

आणि आता बस तळ्यात होती.

क्लबचे सेक्रेटरी बाप्पादा कॅरमबोर्डावर हात टेकून बोलले. त्यांचा आवाज नेहमीच शोकसभेत असल्यासारखा असे.

"बिनायोकदा, बाण तुमच्या ताब्यात होता."

"दिवे लागेपर्यंत होता. मग मी घरी चहाला जातो. तुम्हीच ठरवलेलं आहे."

"रोज सकाळी तो उलटा सापडत होता, हेही तुम्हीच सांगता. आणि कोजागिरीपासून आत्तापर्यंत एक टॅक्सी, एक गाद्यांचा टेम्पो आणि एक गाय घाटावर गेली."

"गाय बाण बघून गेली नसेल," विनायकराव म्हणाले.

"ते सिद्ध व्हायचंय." बाप्पादांनी सुस्कारा सोडला. "आम्हाला वाटायचं, पोलिसांनीच संध्याकाळपुरता मार्ग बदललाय. पण तसं नाही. लोक म्हणतायत, बाहेरच्या माणसाला आपली गल्ली कळली नाही. मी म्हणत नाही. लोक. कालीपूजेच्या आदल्या संध्याकाळी सभा आहे. तोवर उलटवणारा सापडला तर ठीक. नाहीतर शिट्टी जमा करावी लागेल."

"बाहेरच्या" हा शब्द विनायकरावांनी ऐकला आणि चष्मा पुसायला घेतला. नूपुरने त्यांना चष्मा इतका वेळ पुसताना फक्त बदलीची ऑर्डर आल्यावर पाहिलं होतं.

घरी जाता जाता ती पिंपापाशी थांबली. दांडीवर रंगाचे दोन बारके ठिपके होते, एक तांबडा, एक पिवळा. ठेकेदाराच्या माणसाने ब्रश टेकवून पाहिला असेल. ती पुढे निघाली, आणि तिच्या लक्षात आलं, की शिट्टी वाचवायला हातात फक्त चार संध्याकाळी आहेत आणि पुण्याच्या पाच मीटिंगा.

३

नूपुरची नोकरी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची होती. त्या धंद्यात नवशिके विचारतात, चूक कधी होते. मुरलेले विचारतात, चूक कधी होत नाही. पण आधी संशयितांना भेटायला हवं होतं, कारण पाड्याची तशी अपेक्षा होती.

पहिले नंदीबाबू. त्यांचं मिठाईचं दुकान घाटाच्या वाटेवर, म्हणजे चुकलेला प्रत्येक माणूस त्यांच्या दारात. गाद्यांच्या टेम्पोवाल्याने अर्धा किलो छेन्याचे संदेश नेले होते.

"घाबरलेल्या माणसाला गोड लागतं," नंदीबाबू म्हणाले. "हे मी नाकारत नाही. पण तूच विचार कर, मुली. बस आली त्या संध्याकाळी माझ्याकडे संदेश संपलेले होते! अख्खी मिनीबस, सगळे घाबरलेले, आणि माझ्या काचेत दोन शिळे सामोसे! मी बाण फिरवला असता तर आधी माल भरला नसता?"

हे खरंच बिनतोड होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते बसच्या प्रवाशांसाठी नव्हतं.

दुसऱ्या बुलबुलमासी. उजवीकडच्या रस्त्यावर, खिडकी थेट वाहतुकीवर उघडणारी, आणि संध्याकाळी गाण्याचा वर्ग. हॉर्नमुळे वर्ग बंद पडायला आला, अशी तक्रार त्यांनी पूजेच्या वेळी माइकवरून केली होती. बाण डावीकडे झाला की खिडकीखाली शांतता.

"होती ना तक्रार," मासी हार्मोनियमचा भाता सोडत म्हणाल्या. "पण आता सवय झाली. ती पंचवीस नंबरची टॅक्सी येते ना, तिचा हॉर्न माझ्या षड्जाला लागतो. मुलींना तंबोरा लावायला मी त्याच्यासाठी थांबवते. गेले काही दिवस संध्याकाळी सगळं सुनं सुनं. बाण फिरवणारा सापडला की माझ्याकडे आण. त्याच्याकडून मी पलटे घोटून घेणार आहे, मरेपर्यंत."

शिवाय दिवेलागणीच्या वेळी मासींचे दोन्ही हात हार्मोनियमवर असतात याला पाड्यातल्या निम्म्या मुली साक्षी होत्या. त्यांतल्या दोघी साक्ष देताना सुरात बोलल्या.

तिसरे मणिमोहनबाबू. ते तळ्याच्या काठावर गळ टाकून बसत, गल्लीकडे पाठ करून. निवृत्त झाल्यापासून बसलेले होते आणि अजून त्यांना काही लागलेलं नव्हतं. मोटारी येऊन मासे बुजतात म्हणून त्यांना सगळ्याच बाणांचा राग होता.

"मी काही पाहिलं नाही," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "माझी पाठ असते."

"काहीच नाही?"

"एक पाहिलं. पण तू हसशील."

"मी हसत नाही. मला ऑफिसात त्यासाठीच ठेवलंय."

मणिमोहनबाबूंनी आवाज खाली आणला. "कोजागिरीनंतर रोज, अंधार पडला की, पाण्यातला एक मासा मला डोळा मारतो. पिवळा डोळा. उघडतो, मिटतो. उघडतो, मिटतो. मोठा असणार. चाळीस वर्षांचा कातला. मी बायकोला सांगितलं नाही."

नूपुर हसली नाही. पाण्यावर धूर पसरला होता, कुठूनतरी शिउलीचा, म्हणजे आपल्या प्राजक्ताचा, वास येत होता, आणि अशा संध्याकाळी चाळीस वर्षांच्या माशाने डोळा मारणं तितकंसं अशक्य वाटत नव्हतं. तिने गोष्ट मनात ठेवली. तिला हे ठाऊक नव्हतं, की अख्ख्या पाड्यात खरी साक्ष एवढीच होती.

४

घरी बाबा खिडकीशी बसून चहा पीत होते. कप नेहमीसारखा बशीखाली झाकून ठेवलेला मिळाला होता. आई, प्रेमलताबाई, दूध आणायला बूथवर गेलेल्या होत्या. दूधबूथ तळ्यासमोरच.

त्या आल्या तशी नूपुरने विचारलं, "आई, तू रोज तिथूनच येतेस. बाणाला कोणी हात लावताना पाहिलंस?"

"नाही बाई." त्यांनी दुधाची पिशवी पातेल्यात फोडली. "बाणाकडे कोण बघतंय? आणि तो बसवाला तरी कसा! पुढे पाणी दिसत नाही का मेल्याला?"

"आई, धुकं होतं."

"धुक्यात माणसाने हळू जावं."

"हळूच गेला तो. सगळे तेच सांगतायत."

पहिल्या संध्याकाळी क्लबच्या पोरांनी पहारा ठेवला. काहीच झालं नाही. बाण सुलटा राहिला. बाप्पादा म्हणाले, पहाऱ्याला घाबरला. पण त्या संध्याकाळी दिव्याची बॅटरीही संपलेली होती, आणि विनायकरावांनी तशी तक्रार सकाळी ठेकेदाराच्या माणसाकडे केली. त्याने नवीन घातली.

दुसऱ्या संध्याकाळीही पहारा होता. तरी बाण उलटला.

"असं कसं?" नूपुरने पोरांना विचारलं. "तुम्ही काय करत होतात?"

"मी नंदीबाबूंवर नजर ठेवून होतो," एक म्हणाला.

"मी मासींच्या दारात."

"मी मणिमोहनकाकांच्या मागे बसलो होतो. त्यांनी मला डोळे मारणारा मासा दाखवला. खरंच आहे तो, दीदी."

"आणि बाणावर कोण होतं?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. सगळे संशयितांवर इतकं डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होते, की बाणावर लक्ष ठेवायला माणूसच उरला नव्हता.

"पण तिथे कोणी आलंही नाही," पहिला घाईने म्हणाला. "शप्पथ. कोणीच नाही. येतं कोण तिकडे? दूध घेणारी माणसं, बस."

तिसऱ्या दिवशी पोरं कालीपूजेच्या मांडवाला लागली आणि पहारा उठला. बाणाशी कोणीही नव्हतं, दिवा नवीन बॅटरीवर उत्साहाने लुकलुकत होता, धुकं दाट होतं. उलटवणाऱ्यासाठी यापेक्षा सोयीची संध्याकाळ मिळाली नसती.

आणि चौथ्या दिवशी सकाळी विनायकराव धावत घरी आले. "नूपुर! बाण सुलटाच आहे!"

"मणिमोहनबाबू काय म्हणतात?"

"त्यांचं काय? ते बिचारे उदास बसलेत. काल मासा आलाच नाही म्हणे. त्या पहिल्या पहाऱ्याच्या दिवशी आला नव्हता, तसाच काल रुसला."

नूपुरने लॅपटॉप मिटला. पुण्यातलं कोणीतरी वाक्याच्या मध्यावर नाहीसं झालं.

५

मासा दोन संध्याकाळी आला नव्हता. बाणही त्याच दोन संध्याकाळी उलटला नव्हता. म्हणजे मासा वगैरे काही नव्हतं. बाण उलटा झाला की त्याची पुढची बाजू तळ्याकडे व्हायची, दिव्याचा उजेड पाण्यात पडायचा, उघडायचा, मिटायचा. सुलटा असला की दिवा गल्लीकडे बघायचा आणि तळं काळंभोर.

इथवर सोपं होतं. पहिल्या संध्याकाळी बाण का उलटला नाही, तेही ती सांगू शकत होती: त्या दिवशी दिवा बंद होता. पहाऱ्याला घाबरला म्हणावं तर दुसऱ्या दिवशी पहारा असूनही तो उलटलाच. उलटवणाऱ्याला बाणाशी काही देणंघेणंच नव्हतं. दिवा पेटलेला असेल तरच तो फिरवायचा.

मग काल काय झालं? काल दिवा पेटलेला होता.

विचार करत ती गॅलरीत आली. कठड्याच्या कडेला कणकेचा एक छोटा दिवा होता, कालचा, विझलेला, तेलाने काळा पडलेला. आई तो उचलायला विसरली होती.

"आई, हा असा उलटा का ठेवलाय? तू तर रोज दिवा तुळशीशी ठेवतेस, तोंड इकडे करून."

"अगं, काल धनत्रयोदशी नाही का?" आतून आई म्हणाली. "यमाचा दिवा तो. वर्षातून तेवढा एकच दिवस दक्षिणेला तोंड करून लावायचा. एरवी दक्षिणेकडे दिव्याचं तोंड मुळीच चालत नाही. आपल्याकडे तरी नाही. दिसला तर मी—"

ती थांबली. नूपुरने कठड्यावरून गल्लीकडे पाहिलं.

गल्ली दक्षिणेकडून येते. येणाऱ्यांना दिसावा म्हणून दिवा गल्लीकडे, म्हणजे बरोबर दक्षिणेकडे, तोंड करून बसवला होता. दांडीवर एक तांबडा ठिपका होता आणि एक पिवळा. तो ब्रशचा रंग नव्हताच; ते हळद-कुंकू होतं.

"आई," नूपुर हळूच म्हणाली, "दिसला तर तू काय?"

६

"मी बाणाला हात लावला नाही," प्रेमलताबाई पिढ्यावर बसत म्हणाल्या. "खरंच सांगते. मी दिवा फिरवला. दूध घ्यायचं, पाया पडायचं, तो उत्तरेकडे करायचा, यायचं. हाताला सवय आहे गं. भूजला समोरच्यांच्या ओसरीतलासुद्धा फिरवून यायची. त्याच्या मागे बाण आहे हे..." त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "म्हणजे बस मी घातली तळ्यात?"

"हळूहळू घातलीस."

"आणि यांची शिट्टी?"

उलटवणारा सापडला तर शिट्टी राहणार, असं ठरलं होतं. पण उलटवणारा बिनायोकदांच्याच स्वयंपाकघरात सापडला तर काय, ते कोणी ठरवलं नव्हतं. "बाहेरच्या माणसाला गल्ली कळली नाही" हे मग शब्दशः खरं ठरत होतं.

"मी सांगते सापडला नाही म्हणून," नूपुर म्हणाली. "वारा होता म्हणते. बाबांना दुसरी शिट्टी आणू."

आईने कपाटातली इरकल काढली.

सभेच्या संध्याकाळी इथली भूतचतुर्दशी होती. प्रत्येक दारात चौदा पणत्या, घरातल्या गेलेल्यांसाठी. धुक्यात त्या जमिनीपासून सुटून वर आल्यासारख्या दिसत होत्या; गल्ली एखाद्या बोटीसारखी कुठेतरी निघाली होती आणि क्लब तिची केबिन होता. सगळे आलेले होते. मणिमोहनबाबू गळ घेऊन आले होते, का ते कोणी विचारलं नाही.

"बोल मा," बाप्पादा नूपुरला लेकीसारखं म्हणाले.

नूपुर उठली. "मी बराच विचार केला. पण त्या दिवसांत वारा—"

"नूपुर." आई मागच्या रांगेत उभी राहिली होती. ती मराठीत बोलली. "नीट सांग. पहिल्यापासून. मलाही ऐकायचंय."

मग नूपुरने सांगितलं. नंदीबाबूंनी माल भरला नव्हता. मासींना हॉर्नशिवाय करमत नव्हतं. मणिमोहनबाबूंचा मासा म्हणजे दिवा होता. इथे मणिमोहनबाबूंनी "नाही" असं क्षीण स्वरात म्हटलं. बाण दिवा नसताना उलटला नाही, आणि दिवा असून फक्त एकाच संध्याकाळी उलटला नाही. ती संध्याकाळ अशी, की दक्षिणेकडे बघणारा दिवा त्या एकाच दिवशी शुभ. हे मानणारं घर पाड्यात एकच. त्या घरातलं एक माणूस रोज दिवेलागणीला बाणाशी असतं, आणि त्या वेळी दुसरं माणूस—

"चहा पीत असतं," विनायकराव म्हणाले. ते बायकोकडे बघत होते. "बशी झाकलेली असायची. मी म्हणायचो, किती काळजी घेते."

"हो तो आमीच," प्रेमलताबाई आपल्या बंगाली-हिंदीत म्हणाल्या. "दिवा आमि घुमाया. गलती हुआ. ह्यांचा काही दोष नाही, ह्यांना काही ठाऊक नाही. शिट्टी मत लो."

विनायकरावांनी गळ्यातून शिट्टी काढली, चष्म्यासारखी पुसली आणि कॅरमबोर्डाच्या मधोमध ठेवली.

"एक मिनिट," बुलबुलमासी म्हणाल्या. "दिवा दक्षिणेला होता?"

"हो."

"माझ्या गल्लीच्या तोंडावर? इतके दिवस? यमाकडे?" मासी उठून उभ्या राहिल्या. "माझी आजी दक्षिणेला काडीसुद्धा ओढायची नाही! आणि इथे ठेकेदार अख्खा दिवा लावून जातो आणि क्लब झोपतो!"

"तरीच माझा गुडघा," मागून कोणी म्हणालं.

"तरीच संदेश संपले," नंदीबाबू म्हणाले.

त्यानंतर जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. सगळे एकाच वेळी ठेकेदाराला बोलत होते. कोणाच्या तरी मावशीचं लग्न त्याच सुमारास मोडल्याचं बाहेर आलं. बस तळ्यात गेली ती बौदींमुळे, म्हणजे प्रेमलतावहिनींमुळे, हे सगळ्यांनी मान्य केलं. पण बौदी नसत्या तर त्या दिव्यामुळे आणखी कुठे कुठे काय काय गेलं असतं, याचा अंदाज करताना लोक पांढरे पडले. "बाहेरच्या" हा शब्द कोणी उच्चारला नाही. तो बहुधा धुक्यात कुठेतरी डावीकडे वळला होता.

बाप्पादांनी कॅरमची सोंगटी आपटून शांतता मागितली.

"निर्णय असा. दिवा बाणाच्या मागच्या बाजूला, तळ्याकडे. बाण गल्लीकडे. पण मग अंधारात गाडीवाल्यांना बाण दिसणार नाही. म्हणून दिवेलागणीला तिथे माणूस हवं, टॉर्च आणि शिट्टी घेऊन. असं माणूस, जे एकही संध्याकाळ चुकत नाही." त्यांनी शिट्टी उचलली. "असं पाड्यात एकच आहे, आणि ते काय करतं ते आपण आत्ताच ऐकलं."

शिट्टी त्यांनी प्रेमलताबाईंच्या हातात दिली. त्यांनी आधी तिला कुंकू लावायला बोट पुढे केलं, मग आवरलं.

"आणि बिनायोकदा?" नूपुरने विचारलं.

"त्यांचं काय? त्यांची खुर्ची आहे की तिथे," बाप्पादा वैतागून म्हणाले. "दिवसा ते, संध्याकाळी बौदी. शिट्टी एकच आहे, ती त्यांनी घरातल्या घरात वाटून घ्यावी. क्लबकडे दुसरी नाही."

७

मोठ्या रस्त्याचं काम अजून चालूच आहे. ते संपू नये असं वाटणारी माणसं कलमीपुकुर लेनमध्ये वाढत चालली आहेत.

रोज पाड्यात दिवे लागायच्या सुमारास प्रेमलताबाई पिंपाशी येतात, दिव्याला नमस्कार करतात आणि मग टॉर्च फिरवत अशी शिट्टी मारतात, की मिनीबस जागच्या जागी शहाण्या होतात. पंचवीस नंबरची टॅक्सी उजवीकडे वळून मासींच्या खिडकीखाली षड्ज देते. पाण्यात पिवळा डोळा उघडतो, मिटतो. मणिमोहनबाबूंना सगळं समजावून सांगितलेलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि आणखी जाड दोरी आणली.

एका संध्याकाळी नूपुर मीटिंग संपवून खाली आली तेव्हा बाबा कप घेऊन गल्लीतून चालले होते, सांडू नये म्हणून अगदी सावकाश, वर बशी झाकून. एका नव्या टॅक्सीवाल्याने काच खाली केली.

"दादा, हा रस्ता कुठे जातो?"

"उजवीकडे गेलात तर ट्रामचा रस्ता," विनायकराव म्हणाले. "डावीकडे संदेश छान मिळतात, पण ब्रेक तपासून जा."

टॅक्सीवाल्याने त्यांचं बंगाली ऐकलं, त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही इकडचे वाटत नाही. आपण कुठले?"

नूपुर थांबली. झाशी, जोरहाट, भूज, विशाखापट्टणम, मूळचे सातारा जिल्ह्यातले: ती यादी तिला पाठ होती.

विनायकरावांनी पुढे शिट्टी वाजली तिकडे बघितलं, मग हातातल्या कपाकडे. चहा निवत होता.

"मी? इथलाच," ते म्हणाले. "त्या शिट्टीवाल्या बाई आहेत ना, त्यांच्या घरचा."